पावण्या पिराची शेजारीण

वाळकेवाडी, पेटा शिरोळ
ता. ६ मार्च १९०३

फक्रूभाईला खैरुनबीचा सलाम.

पत्र उभ्यानं वाचू नको, बूड टेक आन् मग वाच. मी सांगते आन् शाळंचं जोतीराम मास्तर लिवत्यात. मी जशी बोलते तसंच लिवा म्हणून त्यास्नी आईची आण घातलीया. (घातली आहे, म्हणून लिहितो. शुद्धलेखनाचा दोष माझा नव्हे. – जोतीराम)

‘हे’ जाऊन आठ म्हैनं झालं. (हे म्हणजे मयत गौस मुजावर, आक्कांचे यजमान. आक्का नाव घेत नाहीत. – जो.) तवापासनं पावण्या पिराच्या दर्ग्याचं दार मीच उघडते, मीच झाडते, मीच दिवा लावते. ते हुते तवाबी मीच करत हुते, ते आपलं मिशीला पीळ देत ओट्यावर बसायचं. पर लोक त्यास्नी मुजावर म्हणायचं आन् मला मुजावराची बायकू. आता मुजावरच न्हाय म्हटल्यावर मी कोण, ह्येचा कुणालाच पत्ता न्हाय.

आता मुद्द्याचं ऐक. त्यांचा चुलतभाऊ गैबी, तुमच्या कोल्हापुरात अत्तर इकतो तो, त्यानं शिरोळच्या मामलेदाराकडं अर्ज ठोकलाय. ‘भाऊ वारला, त्याला पोरगं न्हाय, तवा मुजावर मीच. दर्ग्याची किल्ली मला द्यावी. वैनीनं दर्ग्याजवळची खोली सोडून कोल्हापुरात आमच्या घरी यावं, सैपाकाला हात हुईल.’ बघितलास का शाणपणा? वर्षातनं एकदा उरसाला येतो, ह्यो एवढा फेटा बांधून, आन् पिराच्या आदी सोताला अत्तर लावून घेतो.

मी कुठं जाऊ भाई? दर्ग्याच्या मागं चिंचंखाली त्यांची कबर हाय. सकाळी झाडता झाडता चार शब्द बोलते त्यांच्यासंगं. जित्तं हुतं तवा मला बोलू देत न्हवतं, आता गप ऐकून घेत्यात.

मामलेदारसायेब उरसाला सोता येणार, चैत्रातल्या तिसऱ्या गुरवारी. दोघांस्नीबी इचारणार: मुजावर ही पदवी म्हंजे काय, कुठनं आली, आन् तुमचा हक्क कशावर? गैबी आरबी-फारशी फाडफाड बोलतो. मला मुजावर म्हंजे मुजावर, येवढंच ठावं. तू मोठमोठ्या किताबांची बांधणी करतोस. कुणाला तरी गाठ, इचार, आन् कळीव. रेंगाळू नको, तुझी खोड मला म्हाईत हाय.

तुझी भैण,
खैरुनबी


कोल्हापूर
ता. १४ मार्च १९०३

प्रिय खैरून,

बूड टेकून वाचलं. गैबीचं डोकं ठिकाणावर नाही. पण तूही जरा दमानं घे. काहीच जमलं नाही तर भावाचं घर आहे की इथं. तुझी भावजय रोज म्हणते, खैरूनला आणा, घरात कुणी भांडायलाच नाही.

तुझ्या कामाचं सांगतो. एक म्हातारे मौलवीसाहेब आहेत, त्यांचा जाडजूड शब्दकोश माझ्याकडं शिवायला आलाय. त्यांनाच विचारलं. त्यांनी दाढी कुरवाळली, पान उलटलं, आणि म्हणाले, ‘मुजावर म्हणजे शेजारी.’ मी म्हटलं, ‘पुढं?’ म्हणाले, ‘पुढं काही नाही. आरबी शब्द आहे. जो शेजारी राहतो तो मुजावर. मक्केला जाऊन तिथंच राहिलेल्यांनाही हेच म्हणत.’ मला वाटलं होतं राजा, वजीर, निदान किल्लेदार तरी निघेल.

मग म्हातारबाबांना जो ऊत आला म्हणतेस! पीर म्हणजे फारशीत म्हातारा. शेख म्हणजे आरबीत म्हातारा. म्हणजे आपण भक्तीनं ‘शेख पीर’ म्हणतो तेव्हा ‘म्हातारा म्हातारा’ म्हणत असतो. फकीर म्हणजे गरीब. इमाम म्हणजे पुढं उभा राहणारा. काझी म्हणजे निवाडा करणारा, आणि आमच्या गल्लीतल्या काझींना स्वतःच्या दोन बायकांचा निवाडा अजून जमलेला नाही. मुल्ला निघाला मौलापासनं, म्हणजे धनी. तुमच्या गावचा मुलाणी धनी! त्याच्या बायकोला सांगून बघ.

तेवढ्यात एक शास्त्रीबुवा पोथी बांधायला घेऊन आले. त्यांना राहवतंय होय? ते म्हणाले, स्वामी म्हणजे मालक. जंगम म्हणजे चालता, जो एका जागी बसत नाही तो. पाद्री म्हणजे बाप, असं मौलवीसाहेब म्हणाले. मग दोघे एकमेकांना टाळ्या देत हसायला लागले, आणि माझी खळ वाळून गेली. दिवसभर एक पुस्तक शिवून झालं नाही.

हे सगळं तुझ्यापुरतं ठेव. गावात बोलू नको. माणसं आपल्या पदवीबाबत फार हळवी असतात.

तुझा भाऊ,
फक्रुद्दीन


वाळकेवाडी
ता. २३ मार्च १९०३

फक्रूभाई,

तुझं पत्र आल्यावर मी कुणालाच सांगितलं न्हाय. फक्त मुलाणनीला सांगितलं. (आणि पाणवठ्यावरच्या अकरा बायकांना. मी मोजल्या. – जोतीराम)

मुलाणीन घरी गेली आन् नवऱ्याला म्हटली, ‘अवं धनी, तेवढं जळण फोडा.’ त्यो बिचारा लाजून लाल झाला. लगीन हून पंचवीस वर्सं झाली, पयल्यांदाच धनी म्हटली म्हणं. त्यानं दोन दिसाचं जळण फोडून दिलं.

पर जंगमस्वामींचं लई वंगाळ झालं. अठरा वर्सं मठाच्या पायरीवर बसून हाईत, गुडघा धरलाय म्हणून. कुणीतरी जाऊन त्यास्नी म्हटलं, ‘स्वामी, खैरुनबी म्हणतीया जंगम म्हंजे चालता. तुमी स्वामी खरं, पर जंगम न्हाय.’ झालं! स्वामी तडक उठलं, काठी घेतली आन् चालाय लागलं. मठातली माणसं मागनं ‘स्वामी, गुडघा! स्वामी, गुडघा!’ करत पळत्यात आन् स्वामी पुढं. सांजच्याला गाडीत घालून आणलं. मला वाटलं आता शापच देणार, म्हणून मीच आदी पाया पडाय गेले. तर म्हणत्यात, ‘बाई, गुडघा मोकळा झाला की गं!’ आता रोज गावाला फेरी घालत्यात आन् घराघरात ताक पित्यात. त्यांचा शाप टळला, पर गावातलं ताक संपलं.

पर तुझ्या त्या मौलवीचं काय करू? शेजारी म्हंजे काय पदवी झाली व्हय? केरबा पाटलाला सांगितलं तर म्हटला, ‘मग मीबी मुजावर, माझा गोठा दर्ग्याला लागूनच हाय.’ दुसऱ्या दिशी दारात आठजण हुबं, समदं शेजारी, समदं मुजावर! धोंडुबाईची म्हसबी दर्ग्याच्या भिताडाला आंग घासती, तीबी हक्क सांगाय येईल.

मी लई रडले त्या राती. मला वाटलं हुतं कायतरी मोठं निघंल आन् मी मामलेदाराच्या म्होरं ताठ मानंनं सांगीन. मग सकाळी चूल फुकताना ध्यानात आलं. आरं, उरसाचा विस्तव!

तुला ठावं नसंल, आपल्या म्हायेरी ही रीत न्हाय. पावणा पीर गावात आला तवा त्येच्याजवळ विस्तव न्हवता. शेजारच्या घरानं खापरीत इंगळ नेऊन दिला, त्येच घर मुजावराचं. तवापासनं उरसाचा पयला दिवा मुजावराच्या चुलीतल्या इंगळावरच लागतो. काडीपेटी चालत न्हाय. मी लगीन हून आले त्या दिसापासनं ती चूल इझू दिली न्हाय, राती राखंत झाकून ठेवते. निम्मी गल्ली सकाळी माझ्याकडनंच विस्तव नेती. आन् गैबीची चूल हाय कोल्हापुरात, पंधरा कोसांवर! त्यो उरसाला येतो दिवा लागून गेल्यावर, ही रीत त्येच्या ध्यानातबी न्हाय. उरसाला मामलेदाराच्या म्होरं मी फक्त म्हणणार, ‘भावजी, इंगळ काढा.’ बघ कसा तोंडावर पडतो ते!

ह्ये मातुर कुणाला सांगू नको.

खैरुनबी


कोल्हापूर
ता. ३० मार्च १९०३

प्रिय खैरून,

विस्तवाची रीत वाचून मला असा आनंद झाला की मी दुकानात उठून उभाच राहिलो. शाबास! बाप असता तर त्यानं पेढे वाटले असते.

इथं सगळं ठीक. मुलांना खोकला आहे. तुझ्या भावजयीनं लोणचं घातलंय. परवा गैबी भेटला होता, त्याच्याच दुकानापुढं. बोललो जरा, इकडचं तिकडचं, हवापाण्याचं. उन्हाळा फार आहे म्हणत होता.

एक सुचवतो. सगळा भार त्या एका विस्तवावर टाकू नकोस. आणखी काही आधार बघून ठेव. म्हणजे असावा आपला, असं मला सहज वाटलं. जंगमस्वामींच्या गुडघ्याला आराम पडो.

तुझा,
फक्रुद्दीन


वाळकेवाडी
ता. ५ एप्रिल १९०३

फक्रू,

गैबीनं मामलेदाराला दुसरा अर्ज दिलाय. ‘उरसाच्या दिवशी मी माझ्या कोल्हापूरच्या चुलीतला विस्तव रीतीप्रमाणे घेऊन हजर होईन.’ मामलेदार म्हटलं, रीतीत चूल मुजावराची पायजे म्हटलंय, कुठल्या गावची ते म्हटलेलं न्हाय. आणू दे.

गैबीला ह्ये सांगितलं कुणी? मी तुलाच लिवलं हुतं. हवापाणी म्हणं!

उत्तर दे.

खैरुनबी

(आक्का बोलत होत्या त्यातलं निम्मंच लिहिलं आहे. उरलेलं टपालात चाललं नसतं. – जोतीराम)


कोल्हापूर
ता. १६ एप्रिल १९०३, गुरुवार सकाळ

खैरून,

अकरा दिवस झाले, कागद पुढ्यात घेतो आणि ठेवून देतो. आज उरूस. आज तरी खरं बोलतो.

मीच सांगितलं. त्याच्या दुकानापुढनं चाललो होतो, तो ओट्यावरनं ओरडला, ‘काय फक्रुद्दीन, बहिणीसाठी खोली झाडून ठेवली का?’ माझं डोकं फिरलं. म्हटलं, ‘तुझी डाळ शिजायची नाही तिथं! तुझी चूलच नाही त्या गावात!’ त्यानं गोड बोलून अत्तराचा फाया हातात दिला आणि एकेक करत सगळं काढून घेतलं. घरी आलो तर तुझी भावजय म्हणते, ‘आज लई वास मारताय.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला शिव्या घाल, पण अबोला धरू नको.

आत्ता स्टेशनवरनंच येतोय. गैबी कसा निघाला ते बघायला गेलो होतो. तांब्याचं घंगाळ, त्यात राख, राखेत इंगळ, वर जाळी. डोक्याला तो फेटा. दर दोन मिनिटांनी जाळी उचलून फुंकर मारायचा, आणि राख उडून त्याच्याच दाढीत. गार्ड आला. म्हणाला, ‘हे काय?’ गैबी म्हणाला, ‘पवित्र विस्तव.’ गार्ड म्हणाला, ‘गाडीला एक इंजिन पुरे. हे उतरवा.’ गैबीनं मान हलवली, गार्डाची पाठ फिरली, आणि हा दुसऱ्या दारानं घोंगडं पांघरून आत! गाडी सुटली तेव्हा तिसऱ्या वर्गाच्या डब्यातनं धूर निघत होता. आतनं कुणीतरी ‘माझं धोतर! माझं धोतर!’ असं ओरडत होतं.

तुझी काळजी वाटते. देवाची करणी, काय होईल ते लगेच कळव.

अपराधी,
फक्रुद्दीन


वाळकेवाडी
ता. १९ एप्रिल १९०३

भाई,

तुला शिव्या घालायच्या हुत्या, पर हसून हसून कुशी दुखाय लागल्यात, त्यामुळं ऱ्हायल्या. पुढच्या खेपंला घालीन. (त्या मी लिहिणार नाही. – जोतीराम)

गुरवारी दुपार कलली. मामलेदारसायेब दर्ग्याम्होरं खुर्चीवर. पाटील, मुलाणी, जंगमस्वामी, समदा गाव गोळा. मी माझी खापरी घेऊन दारात हुबी. मामलेदारांनी पदवीचा अर्थ इचारला. म्हटलं, ‘सायेब, मुजावर म्हंजे शेजारी, आसं माझा भाऊ म्हणतो.’ सायेब म्हटलं, ‘अर्थ बरोबर हाय. पर शेजारी तर समदा गावच हाय. हक्क कशावर?’ मी तोंड उघडणार तवर येशीकडनं हलगी वाजाय लागली.

गैबी आला की! म्होरं हलगीवाला, मागं पोरं, मधी ह्यो, घंगाळ डोक्याएवढं उचलून. फेट्याला ह्ये मोठ्ठं भोक, निम्मी दाढी जळलेली, तोंड काळंठिक्कर. पर इंगळ घंगाळात लालभडक! माझ्या काळजाचं पाणी झालं. गैबीनं सायबाम्होरं घंगाळ ठेवलं आन् छातीवर हात ठेवून म्हटला, ‘कोल्हापूरच्या माझ्या चुलीतला विस्तव. वाटेत एकदाबी इझू दिला न्हाय.’

तवर गर्दीतनं बनाबाई म्होरं आली. येशीजवळच्या खोपटात ऱ्हाती ती. घंगाळात वाकून बघितलं आन् मोठ्यानं म्हटली, ‘अवं पावणं, आसं कसं बोलताय? ह्यो इंगळ माझा न्हवं का? मगाशी तुमीच की माझ्या दारात येऊन हात जोडलासा, मावशी, इझलंय, द्या म्हणून! अर्धी गवरी घातली मी तुमच्या घंगाळात.’

गैबी म्हटला, ‘बाई, तू गप ऱ्हा.’ आता बनाबाईला गप ऱ्हा म्हटल्यावर ती ऱ्हाईल व्हय? तिनं गवरीचा तुकडा बाहीर काढला, त्यावर तिच्या पाची बोटांचा ठसा. समद्या गावाला दावला. सायेब हसू दाबत म्हटलं, ‘म्हंजे विस्तव बनाबाईचा. मग मुजावर बनाबाई?’

बनाबाई म्हटली, ‘छ्या! माझी चूल कवा रातभर टिकलीया? मी सकाळी खैरुनबीकडनं आणला.’

भाई, जो हशा उठलाय! पाटलाची टोपी पडली. जंगमस्वामी गुडघ्यावर थापा मारत हसत हुतं, दुखऱ्याच गुडघ्यावर. मामलेदारसायबांनी तोंडावर रुमाल धरला, पर खांदं हलत हुतं. गैबी कोल्हापुरासनं हलगी लावून, दाढी जाळून, माझ्याच चुलीतला इंगळ माझ्याच दारात घेऊन आला!

सायबांनी डोळं पुसलं आन् म्हटलं, ‘कागद वरिष्ठांकडं जातील, हुकूम मागनं येईल. दिवा कुणी लावायचा ते मातुर पिरानंच ठरवलेलं दिसतंय.’ मी लावला. एका फुकरीत लागला. मग मानाचा फेटा कुणाला बांधायचा आसा घोळ झाला. बाईला फेटा कसा बांधायचा? मी म्हटलं, गैबीभावजीस्नी बांधा, त्यास्नी शोभतो, आन् त्यांचा जळलाय. मला किल्ली ऱ्हाऊ द्या. गैबीनं जळका फेटा काढून मान म्होरं केली.

राती जेवाय वाढलं तवा समदं बोलला. हातकणंगल्याला गार्डानं उतरवला. तिथं खाणावळीतनं विस्तव घेतला, त्यो गाडीवाटंनं इझला. कुंभाराकडनं घेतला, त्यो वढ्यात पाय घसरून इझला. सहा गावच्या चुली मागत आला. मी म्हटलं, ‘येवढं हाल कशापायी, भावजी?’ तर म्हटला, ‘वैनी, कोल्हापुरात मला समदी गैबी अत्तरवाला म्हणत्यात. एकदा तरी कुणी गैबी मुजावर म्हणावं वाटत हुतं.’ मला लई वाईट वाटलं. आणखी एक भाकरी वाढली. पर मुजावरकी न्हाय दिली.

हुकूम यायचा हाय. तवर झोप न्हाय.

खैरुनबी


कोल्हापूर
ता. २४ एप्रिल १९०३

खैरून,

पत्र दुकानात मोठ्यानं वाचलं. मौलवीसाहेब आणि शास्त्रीबुवा दोघांना पाणी पाजावं लागलं, इतके हसले. गैबी काल आला होता. दाढी साफ काढून टाकलीय, ओळखलाच नाही. माझ्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, ‘फक्रुद्दीन, तुझ्या बहिणीच्या हातचं जेवलो आणि रडू आलं.’ मग मलाही आलं. दोघं रडलो, आणि एकमेकांना अत्तर लावलं.

दरबारात माझ्या ओळखीचा एक कारकून आहे. तो म्हणतो, बाईच्या नावापुढं ‘मुजावर’ असं लिहिलेला कागद त्यानं आजवर पाहिला नाही. होईल की नाही, सांगता येत नाही म्हणाला. तू मन घट्ट ठेव. काहीही झालं तरी मी आहे.

तुझा भाऊ,
फक्रुद्दीन


वाळकेवाडी
ता. ४ मे १९०३

भाई,

हुकूम आला. मास्तरांनी चारदा वाचून दावला. ‘खैरुनबी, मुजावर, पावणा पीर, मौजे वाळकेवाडी.’ पाचव्यांदा वाचा म्हटलं तर मास्तरांचाच आवाज बसला. (बसला नव्हता. दाटला होता. – जोतीराम)

त्या दिशी मी कायबी केलं न्हाय. नाचले न्हाय, रडले न्हाय. केरबा पाटलानं गूळ वाटला, त्योबी दुसऱ्यांनीच खाल्ला. मला वाटलं, कागदावर लिवलं काय आन् न्हाय लिवलं काय, झाडू त्योच आन् दिवाबी त्योच.

आज सकाळी अंगण झाडत हुते. परगावची एक बाई आली, काखंत तापलेलं पोर. ओट्यापाशी हुबी ऱ्हाऊन हाक मारली, ‘मुजावर! अवं मुजावर, हायसा का?’

भाई, मी मागं वळून बघितलं. म्हटलं, ह्ये कुठं गेलं? ओट्यावर बसलं असतील, ‘ओ’ देतील. ओट्यावर कुणीबी न्हवतं. इतक्या म्हैन्यांत रडले नसंन तेवढी रडले, झाडू हातात धरून. ती बाई घाबरली. हळूच म्हटली, ‘मुजावर न्हाईत का घरात?’

मी पदरानं डोळं पुसलं आन् म्हटलं, ‘हाय की. आण पोराला आत.’

खैरुनबी मुजावर